पोटखराब

काकी जाऊन बरीच वर्षं झाली. तरी आमच्या उमेळे गावात जुन्या माणसांत तिचा विषय निघाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: यशोदाबाईने बावखल विकलं. मागच्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत माझ्या पाठीमागून हेच ऐकू आलं. बोलणारी बाई चाळिशीची असेल, म्हणजे बावखल बुजलं तेव्हा ती पाळण्यात होती. तिने ते आईकडून ऐकलं असणार, आणि आता ती आपल्या मुलीला सांगत होती. मी मान वळवली नाही, पानातला भात चिवडत बसलो. घरी आलो तेव्हा मात्र कळलं, की आपण गप्प राहिलो तर हे वाक्य आपल्यानंतरही चालत राहील. ते खोटं आहे. खोटं कसं, ते माझ्याशिवाय सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

ज्यांना बावखल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाडीच्या मधोमध खणलेलं, कडेने माड आणि केळी असलेलं गोड पाण्याचं तळं म्हणजे बावखल. आमच्या भागात खाडी जवळ, जमिनीखाली खारं पाणी टपून बसलेलं. पावसाचं पाणी बावखलात साठतं, मुरतं आणि त्या खाऱ्याला खालीच दाबून धरतं. आमचं बावखल काकीच्या वाडीत होतं. काकी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. चुलते लवकर गेले, मूल नव्हतं, वाडी तिच्या नावावर झाली. माझे आईवडील आणि मी तिच्याच घरात, एका चुलीवर. आईचा दमा सांभाळण्यात वडिलांचा दिवस जायचा, त्यामुळे मला वाढवलं ते काकीनेच. कुंपणापलीकडे इनासकाकांची वाडी. ते ख्रिस्ती, आम्ही हिंदू, पण पाणी एकच. चर्चची दुपारची घंटा होईपर्यंत पाण्याची पाळी आमची, घंटा झाली की त्यांची. घंटेनंतर काकी अबोलीच्या वाफ्यालासुद्धा तांब्याभर पाणी घालायची नाही. त्यांच्या सणाला आमची पाळी त्यांना, गणपतीत त्यांची आम्हाला. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहायचं असतं हे कुणाला सुचलंही नव्हतं.

माझं लहानपण म्हणजे रहाटाचा आवाज. पहाटेपासून तो कुरकुरायचा, बैल गोल फिरायचा, लोटे एकामागून एक वर येऊन पन्हळीत रिकामे व्हायचे, आणि पाटाने पाणी पानवेलीपर्यंत जायचं. रहाट थांबला तर झोपेतली माणसं जागी व्हायची, एवढी त्याची सवय. पुढे इंजीन आलं, त्याची टकटक आली, पण घंटेचा नियम तोच राहिला. थंडीत काकी उकडहंडी लावायची. कोनफळ, शेंगा, वांगी, सगळं मडक्यात भरून, तोंड पानांनी बांधून, मडकं उलटं करून वर पेंढा पेटवायची. त्यातलं पहिलं पातेलं कुंपणावरून इनासकाकांकडे जायचं. नाताळात तिकडून फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे यायचे, अजून गरम, फडक्यात बांधलेले. इनासकाकांची बायको कातरिनमावशी फडकं देताना दर वर्षी तेच म्हणायची, की यशोदाबाय, तुझ्या मडक्याला माझी परतफेड पुरत नाही गं. हे मी शाळेच्या मराठीत लिहितो आहे. ती असं बोलायची नाही, काकीही नाही. आमची घरची बोली निराळी होती. कॉलेजात गेल्यावर मी ती लाजेने टाकली, आणि आता लिहायला घेतली तर माझ्या हातून ती नकली उतरते.

आज मी राहतो त्या कॉम्प्लेक्सचं नाव इथे देत नाही. सहा इमारती आहेत, ए ते एफ. रस्ते काटकोनात. पेव्हर ब्लॉकच्या मधून गवताची काडी उगवली तर माळी येऊन उपटतो. गेटवर वही होती, आता मोबाइलवर परवानगी लागते. गावातला दूरचा चुलतभाऊ मागच्या गणपतीला दहा मिनिटं गेटवर उभा होता, कारण माझा फोन चार्जिंगला लावलेला होता. बाग आहे, तिच्यात सारख्या अंतरावर सारख्या उंचीचे बाटलीपाम आहेत, ज्यांना ना फळ, ना सावली, ना पाखरू. नळाला पाणी ठरल्या वेळी, उन्हाळ्यात टँकर. शेजारी सगळे नोकरदार, कुणी सावंतवाडीचे, कुणी साताऱ्याचे, कुणी गिरगावातली खोली विकून आलेले. माणसं वाईट नाहीत. त्यांनी कर्ज काढून घर घेतलं, जमीन कुणाची होती हे त्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांनी तरी कुणाला विचारायचं? समोरच्या सावंतबाई मला कौतुकाने म्हणतात, “काका, तुम्ही किती लकी, पहिल्या बुकिंगवाले ना? तेव्हा इथे नुसती पडीक जमीन होती म्हणे.” मी हो म्हणतो. दर पावसाळ्यात आमच्या डी विंगच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी भरतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ड्रेनेजवर वाद होतो, कुणी इंजिनिअर बोलवा म्हणतं, कुणी पंप बदला म्हणतं. मी मागच्या रांगेत असतो. डी विंग कशावर उभी आहे, ते त्या खोलीत फक्त मला माहीत असतं.

पण सगळा कडवटपणा आजचा आहे, तेव्हाचा नाही, हेही कबूल केलं पाहिजे. तेव्हा मला हेच हवं होतं. बी.कॉम. होऊन वर्षभर मी घरी बसलो होतो. वाडीत संडास लांब, माडांच्या पलीकडे. पायवाट प्रत्येक झाडाला वळसा घालून जायची, कारण वाटेसाठी झाड तोडायची रीत नव्हती. कॉलेजातल्या मित्रांना घरी न्यायची मला लाज वाटायची. अशा वेळी गावाच्या मागे खाजणाच्या बाजूला एका बिल्डरने जागा घेतली आणि तिथे पत्र्याचं ऑफिस टाकलं. मी सहज गेलो. शेठने टेबलावर निळ्या कागदाचा लेआऊट पसरला होता. सरळ रेघा, सरळ रस्ते, रस्त्याकडेला शिक्के मारल्यासारखी गोल गोल झाडं. एवढं सरळ काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी त्या कागदावर वाकलो तो बराच वेळ वर झालो नाही. शेठने विचारलं, गावचे सगळे ओळखतात का तुला. मी म्हटलं, ओळखतात. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. काम म्हणजे उतारे आणणं, नकला करणं आणि मुख्य म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांना कागद वाचून दाखवणं.

शेठला रस्ता हवा होता, आणि रस्ता काकीच्या वाडीतूनच निघत होता. वाडीच्या मागे एक खारट पट्टी होती, तिच्यात गवताखेरीज काही होत नव्हतं. काकीला विचारलं तेव्हा ती लगेच कबूल झाली. तिच्यासाठी व्यवहार सोपा होता: ती पट्टी जाईल आणि वसंता नोकरीत कायम होईल. वसंता म्हणजे मी. कागद तयार झाला. त्यात मागच्या पट्टीचा उल्लेख होता आणि त्यापुढे सहा शब्द: ‘तसेच सदर सर्व्हे नंबरातील पोटखराब क्षेत्र’. पोटखराब म्हणजे काय, ते मला आठ दिवस आधीच कळलं होतं. मी उतारा आणायला गेलो होतो, काकीच्या नावापुढे तो शब्द पाहून तलाठ्यांना विचारलं. ते पान जुळवत होते. म्हणाले, जे पिकत नाही ते पोटखराब. खडक, ओढा, तळं. तुमच्याकडे खडक कुठला, तुमचं ते तळंच असणार. पाण्याखालची जागा पिकते का? आणि पान तोंडात टाकलं. कागद हातात आला तेव्हा मी शेठला सांगितलं, साहेब, यात बावखल जातं. शेठने माझ्याकडे जरा नवल करून पाहिलं. “माहीत आहे,” तो म्हणाला. “म्हणून तर तू वाचून दाखव. आमच्या वकिलाने वाचलं तर बाई दहा प्रश्न विचारेल. आणि वसंत, डी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा कोपरा मोकळा आहे. वारा चांगला येतो.” एवढंच. धमकी नाही, आग्रह नाही. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की शेठने मला अडकवलं. त्याने मला अडकवलं नाही. त्याने फक्त एक खिडकी दाखवली.

कागद वाचला तो दिवस थंडीतला, दुपार कलताना. पडवीत काकी पाटावर, इनासकाका साक्षीला म्हणून पायरीवर, हॅट गुडघ्यावर ठेवून. आई आत पडून होती. वडील औषध आणायला गेले होते. शेठचा माणूस खुर्चीवर उकडहंडी खात होता आणि पुन्हा पुन्हा छान छान म्हणत होता. मी वाचत होतो. काकी प्रत्येक ओळ दोनदा वाचायला लावायची. एकदा कानासाठी, एकदा डोक्यासाठी, असं म्हणायची. त्या ओळीपाशी आलो. माझा आवाज बदलला नाही, हे मला स्पष्ट आठवतं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. पोटखराब हा शब्द ऐकून काकी हसली.

“जमिनीचं पण पोट बिघडतं काय रे? मग ओवा कुणी द्यायचा, तलाठ्याने?”

इनासकाका हसले. शेठचा माणूसही हसला. इनासकाका म्हणाले, तुमच्या त्या मागच्या पट्टीचं पोट तर जन्मापासून बिघडलेलं आहे वहिनी, खार खाऊन खाऊन. सगळ्यांनी तोच अर्थ धरला, आणि का धरू नये? त्या पट्टीत काही होत नव्हतं, म्हणजे तीच खराब. ज्या पाण्यावर दोन वाड्या जगतात, त्याला कागदावर कुणी खराब म्हणेल हे त्यांच्या स्वप्नात नव्हतं. पण काकी काकी होती. हसू आवरून तिने मला सरळ विचारलं, “वसंता, बावखल नाय ना यात?”

मी कागदावर बोट ठेवलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ते खाली नेलं, शोधतो आहे असं दाखवत. आणि म्हणालो, “काकी, या कागदात बावखल हा शब्दच नाही.”

ते खरं होतं. तो शब्द कागदात खरोखरच नव्हता. वाक्य मी आदल्या दिवशी मनात तयार करून ठेवलं होतं, म्हणजे खोटं न बोलता भागेल. काकीने अंगठा शाईत बुडवला. इनासकाकांनी सही केली, ठळक आणि सावकाश, मिशनच्या शाळेत शिकलेली. मग त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, घरात एक शिकलेला असला की बरं असतं.

पट्टीवर काम सुरू झालं, तोवर सगळं शांत. मग एका सकाळी डंपर बावखलाच्या काठाशी आले. पाडलेल्या चाळींचा राबिट, विटा, तुटलेल्या लाद्या, कुणाच्या तरी देवघराचा हिरवा कोनाडा आख्खाच्या आख्खा. पहिला डंपर रिकामा झाला तेव्हा पाणी केवढं तरी वर उसळलं आणि मासे काठावरच्या केळीत पडले. काकी धावली नाही, ओरडली नाही. माझ्याकडेही आली नाही. ती काठावर उभी राहून पाहत होती, आणि मी साइटवर वही घेऊन उभा होतो, आलेल्या डंपरवर खुणा करत. मधे ते तळं होतं. तिने एकदा मान वर करून माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. तेवढ्यात तिला सगळं कळलं असावं.

संध्याकाळी दिवेलागणीआधी इनासकाका आले. एरवी ते पडवीत येऊन बसायचे. त्या दिवशी अंगणात उभे राहिले, हॅट डोक्यावरच. म्हणाले, ऑफिसात विचारून आलो. कागद दाखवला मला, वहिनींचा अंगठा आहे म्हणतात. मग त्यांनी काकीला विचारलं, “वहिनी, तुम्ही दिलंत?”

मी दारात उभा होतो. काकीने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं, मी कदाचित बोललोही असतो. ती हिशेब करत होती, मुलीच्या लग्नाचा आई करते तसा.

“होय,” ती म्हणाली. “माझ्याच अंगठ्याने गेलं.”

“मला एकदा सांगायचं तरी.”

इनासकाका वळून गेले, आणि पुन्हा आमच्या अंगणात आले नाहीत. ते गेल्यावर मी काहीतरी पुटपुटलो, काकीने ते अर्ध्यावर तोडलं. तुझं लग्न व्हायचं आहे, एवढंच ती म्हणाली आणि चुलीकडे गेली. शेजाऱ्याचं पाणी तोडणाऱ्या मुलाला आमच्या गावांत कुणी मुलगी दिली नसती, हे खरं होतं. विधवा म्हातारीला ‘विकलं’ म्हणून बोल लागला तर तिचं लग्न मोडणार नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळीकडे झालं तसंच झालं. दोन उन्हाळ्यांत इनासकाकांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. पानवेल आधी गेली, मग केळीच्या पानांच्या कडा जळायला लागल्या. त्यांचे मुलगे कंपनीत लागले. वाडी तुकड्या-तुकड्याने गेली, घराभोवतीची पट्टी उरली. आमचीही गेली. माझं लग्न झालं, चांगल्या घरची मुलगी मिळाली. आईवडील जुन्या घरातच वारले, आणि मी काकीला घेऊन डी विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यात राहायला आलो. वारा खरोखर चांगला येतो.

काकी तिथे सहा वर्षं जगली. तांदळाचं धुवण ती मोरीत कधी ओतायची नाही. पातेल्यात साठवायची, आणि दोन जिने उतरून, कठड्याला धरून, बागेतल्या त्या पामांच्या बुंध्याशी नेऊन घालायची. एकदा वॉचमनने तिला हटकलं, की आजी, इधर पाणी मत डालो, टाइल्स खराब होतात. ती वर आली आणि मला विचारलं, त्या झाडांना पाणी कुणाच्या पाळीचं? मी हसलो. तिने ते खरंच विचारलं होतं.

ती गेली त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. अशा दिवशी पहिलं जेवण कुंपणापलीकडून यायचं, ही दोन घरांची रीत. इनासकाकांचे वडील गेले तेव्हा काकीने तीन दिवस भाकऱ्या नेल्या होत्या. त्या दिवशी सावंतबाईंनी कांदेपोहे आणले, प्रेमाने आणले. इनासकाकांच्या घरून कुणी आलं नाही. मी बायकोला म्हणालो, लोक किती मनात धरतात. हे वाक्य मी उच्चारलं, माझ्या तोंडाने, काकीला बाहेर काढायच्या आधी.

लग्नाच्या पंगतीत ते ऐकल्यानंतर पंधरा दिवसांनी मी इनासकाकांच्या घरी गेलो. ते स्वतः केव्हाच गेले आहेत. कातरिनमावशी आहे, नव्वदीची, ऐकू बरं येतं, दिसत कमी. ती पडवीत खुर्चीवर होती. मी नाव सांगितलं. बस म्हणाली. मी सगळं सांगितलं. तलाठी, शेठ, बोट खाली नेणं, ते तयार केलेलं वाक्य. मधे तिची सून चहा ठेवून गेली. मला वाटलं, मावशी रडेल किंवा मला हाकलेल. दोन्हीची मी तयारी केली होती.

ती म्हणाली, “आम्ही तिच्या मयताला आलो नाय. इनास म्हणत होता जाऊ या. मीच नको म्हटलं.” मग थांबून, “तू तुझं माझ्यावर टाकून चाललास. मी हे आता कुठे ठेवू?”

याची तयारी मी केली नव्हती. माफ कर म्हणायला गेलो, तर तिने हात आडवा केला. म्हणाली, माझ्याकडे बोलून काय होतं, मी उद्या जाईन. लिही. लिहिलेलं खरं मानतात ना तुमच्यात? लिही आणि मला वाचून दाखव.

म्हणून ही पानं. काल ती घेऊन गेलो. त्याच पडवीत, तिच्यासमोर बसून पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. प्रत्येक ओळ दोनदा वाचली, तिने सांगितलं नव्हतं तरी. अंगठ्यापर्यंत आलो. तिथे मी मुळात असं लिहिलं होतं, की त्या दुपारी माझ्या हातून मोठी चूक झाली.

“थांब,” मावशी म्हणाली. “काय झाली?”

“चूक.”

“चूक न कळता होते. तुला कळत होतं. तो शब्द काढ.”

मी पेन काढलं आणि तो शब्द खोडला. विचारलं, मग काय लिहू. ती म्हणाली, मला लिहिता येत नाही, तुला येतं, तुला शब्द माहीत असणार. माहीत होता. मी खोडलेल्या जागेवर ‘फसवणूक’ लिहिलं, आणि मग ती ओळच काढून टाकली, कारण वर सगळं सांगून झाल्यावर तिची गरज नव्हती. पण मावशीने ती ओळ ठेवायला लावली. म्हणाली, नंतर वाचणारे घाईत असतात, त्यांना एका जागी स्पष्ट मिळालं पाहिजे. तेव्हा ती ओळ पूर्ण करून इथे ठेवतो: यशोदाबाईने बावखल विकलं नाही; मी वसंताने, तिच्या पुतण्याने, कागद वाचून दाखवताना तिची आणि इनासकाकांची फसवणूक केली.

मावशीने ती तीनदा वाचून घेतली. मग सुनेला हाक मारून बाहेर बोलावलं आणि म्हणाली, आता हिच्यासमोर वाच.